पिंजरा लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

सप्टेंबर २०२३ मध्ये लखनौच्या एका बातमीची देशभर चर्चा झाली. उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागाने तीन वर्षांत उंदीर-नियंत्रणावर ६९ लाखांहून अधिक रुपये खर्च केले आणि या काळात १६८ उंदीर पकडले गेले, असे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराच्या आधारे वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. भागाकार केला तर एका उंदरामागे सुमारे ४१ हजार रुपये पडतात. रेल्वेने या हिशेबाला हरकत घेतली. वर्षाकाठी होणारा सुमारे २३ लाखांचा हा खर्च केवळ उंदीर पकडण्याचा नसून सुमारे २५ हजार डब्यांतील झुरळे, ढेकूण, डास आणि उंदीर या सर्वांच्या प्रतिबंधाचा आहे आणि तो दर डब्यामागे ९४ रुपये पडतो, असा खुलासा करण्यात आला.

या वादात कोणाचा हिशेब बरोबर, हे ठरविणे येथे प्रस्तुत नाही. मात्र त्यातून निघणारा एक धडा प्रत्येक गृहस्थाच्या उपयोगी पडणारा आहे. किती उंदीर पकडले, हे यशाचे माप नव्हे. किती उंदीर आत येऊ शकले नाहीत, हे खरे माप होय. घरात जिवंत प्राणी धरणारा पिंजरा लावताना हे सूत्र ध्यानात ठेवले, तर पैसा, श्रम आणि एका मुक्या जीवाचे हाल या तिन्हींची बचत होते.

शहर आणि त्यातील बिनभाड्याचे रहिवासी

लखनौ आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. नोकरीच्या आणि बदलीच्या निमित्ताने आजही अनेक मराठी कुटुंबे या शहरात वास्तव्याला जातात. चौक आणि अमीनाबाद येथील जाड भिंतींची जुनी घरे असोत किंवा गोमती नगर, इंदिरा नगर येथील नव्या वसाहती असोत, नव्या भाडेकरूला थोड्याच दिवसांत जुन्या रहिवाशांची ओळख होते. रात्री माळ्यावर खुडबुड ऐकू येते, पहाटे गच्चीवर माकडांची टोळी उतरते. आपल्याकडे ज्याला उंदराचा पिंजरा म्हणतात, त्याला तेथील बाजारात ‘चूहेदानी’ म्हणून मागावे लागते.

या उपद्रवाला ऋतूंची साथ असते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदीर आणि घुशी कोरड्या जागेच्या शोधात निघतात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पारा बराच खाली जातो, तेव्हा स्वयंपाकघराची ऊब त्यांना ओढून आणते. ज्येष्ठ महिन्यातील मंगळवारी, म्हणजे ‘बडा मंगल’च्या दिवशी, लखनौत हनुमंताच्या नावाने जागोजागी भंडारे होतात आणि पुरी-भाजीचा प्रसाद वाटला जातो. ही परंपरा नवाबी काळापासूनची मानली जाते आणि तिच्यात सर्व समाज सहभागी होतो. प्रसाद संपल्यावर पत्रावळी मात्र रस्त्यावर पडून राहिल्या, तर त्यांच्यावर उंदीर आणि माकडे दोघेही पोसले जातात. श्रद्धेचा यात दोष नाही. दोष उघड्या उकिरड्याचा आहे.

आधी ओळख, मग उपाय

आवाज ऐकू आला की लगेच पिंजरा आणण्याची घाई करू नये. आत कोण आले आहे, हे प्रथम ठरवावे.

घरातला काळा उंदीर उत्तम चढतो. तो माळा, छत आणि विजेच्या तारा यांच्या आश्रयाने राहतो. नव्या वस्तूविषयी तो फार संशयी असतो. लहान घरउंदीर म्हणजे पिटुकली चुचुंदरी नव्हे. तो सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरू शकतो आणि स्वभावाने चौकस असल्याने पिंजऱ्यात लवकर सापडतो. घूस आकाराने मोठी असते. ती जमीन पोखरते आणि गटाराच्या कडेने वावरते. उंदराच्या छोट्या पिंजऱ्यात ती मावत नाही आणि मावली तरी जखमी होते.

चौथी पाहुणी चिचुंद्री होय. लांब निमुळते तोंड, बारीक डोळे आणि उग्र वास ही तिची खूण. ती कृंतक वर्गातली नव्हे. कुरतडणे हा तिचा उद्योग नसून झुरळे आणि इतर कीटक हे तिचे मुख्य अन्न आहे. चिचुंद्री पिंजऱ्यात सापडलीच, तर तिला विनाविलंब बाहेर सोडावे, कारण तिला थोड्या थोड्या वेळाने खावे लागते आणि उपाशी राहिल्यास ती काही तासांतच दगावते.

लेंड्यांचा आकार, कुरतडल्याच्या खुणा आणि भिंतीच्या कडेने अंगाच्या तेलकटपणाने उमटलेले काळपट पट्टे यांवरून पाहुण्याची ओळख पटते. येण्याजाण्याची वाट शोधण्याची एक साधी युक्ती आहे. संशय असलेल्या भोकात कागदाचा बोळा सैलसर कोंबून ठेवावा. सकाळी बोळा बाजूला पडलेला दिसला, तर ती वाट चालू आहे असे समजावे.

जिवंत पकडण्याचा आग्रह कशासाठी?

बाजारात चिकट गोंदाचे सापळे आणि विषारी औषधे स्वस्त व सहज मिळतात. मग पिंजऱ्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडतो. त्याचे उत्तरही व्यवहारीच आहे.

चिकट सापळ्यावर अडकलेला प्राणी तत्काळ मरत नाही. सुटण्याच्या धडपडीत त्याचे केस आणि कातडी सोलवटते आणि तहानेने, थकव्याने तो कित्येक तासांनी प्राण सोडतो. या सापळ्याला माणसासारखी निवड करता येत नाही. त्यावर पाल, चिमणी, खार, मांजराचे पिल्लू असे काहीही अडकते. म्हणूनच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना अशा सापळ्यांविरुद्ध सूचना दिल्या आणि अनेक राज्यांनी त्यानुसार मनाईची परिपत्रके काढली. प्राण्यांना अनावश्यक यातना देणे हा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. पकडलेला पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडविण्याची जुनी रीतही याच कारणाने सोडून दिली पाहिजे.

विषाची जोखीम आणखी वेगळी आहे. रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी उंदीर काही दिवसांनी मरतो आणि बहुधा हात पोहोचणार नाही अशा जागी मरतो. मग आठवडाभर दुर्गंधी सोसावी लागते. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर त्याची बाधा पुढच्या जीवाला होते. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट तर अतिशय घातक आहे. तिने माणसाचे यकृत निकामी होते आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. ज्या घरात रांगते मूल आहे, तेथे असे औषध ठेवणे म्हणजे उंदराहून मोठे संकट आपल्या हाताने घरात आणणे होय.

महाराष्ट्राला या पिंजऱ्याची ओळख वेगळ्या कारणानेही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. पुढे परळच्या प्रयोगशाळेत शहरात पकडलेल्या हजारो उंदरांची तपासणी झाली आणि उंदरांवरील पिसवांमधून हा रोग पसरतो, या निष्कर्षाला बळकटी मिळाली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी आणि सुरत शहरात प्लेगने पुन्हा डोके वर काढले. उंदरांच्या बंदोबस्ताचा प्रश्न हा केवळ किळस किंवा भीती यांचा नसून आरोग्याचा आहे, हे या इतिहासावरून दिसते. भूतदया आणि स्वच्छता यांत विरोध नाही. दोन्ही एकदम साधता येतात.

वाटा बंद करणे हे पहिले काम

पिंजरा लावण्याच्या आदल्या आठवड्यात घराची शिस्त लावावी. धान्य, रवा, बेसन आणि पाळीव प्राण्यांचे खाणे झाकणाच्या पत्र्याच्या किंवा जाड डब्यांत ठेवावे. रात्री खरकटी भांडी आणि उघडा केर ठेवू नये. गळका नळ दुरुस्त करावा, कारण उंदराला अन्नाइतकेच पाणीही लागते.

त्यानंतर भोकांकडे वळावे. ज्या फटीत अंगठा जातो, त्या फटीतून उंदीर येतो असे धरून चालावे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजविण्यासाठी तो सतत काहीतरी कुरतडतो. त्यामुळे लाकूड, थर्मोकोल किंवा चिंध्या यांनी भोक बुजवून भागत नाही. तारेची जाळी किंवा तारेचा चोथा आत ठासून त्यावर सिमेंट लावावे. मोरीच्या तोंडाशी जाळी, दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी आणि सांडपाण्याच्या नळाभोवती सिमेंटची गोट, या तीन ठिकाणी दुर्लक्ष होते आणि तेथूनच ये-जा होते. जी भोके वापरात नाहीत, ती लगेच बुजवावीत. जे भोक वापरात आहे, ते पिंजरा तयार झाल्यावर आणि आतले प्राणी पकडले गेल्यावर बुजवावे. नाहीतर आत अडकलेला उंदीर दुसरीकडून भिंत पोखरतो किंवा भिंतीतच मरतो.

पिंजरा, आमिष आणि धीर

घरगुती पिंजऱ्याची रचना सोपी असते. आतल्या आकड्याला आमिष अडकवितात. उंदराने ते ओढले की आकड्याला अडकलेली सळई सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने दार मिटते. दुसऱ्या प्रकारात आत जाण्याची वाट निमुळती असते. उंदीर आत जातो, परंतु परत येऊ शकत नाही, आणि एकाच रात्री अनेक उंदीर धरले जातात. विकत घेताना दाराच्या कडा धारदार नाहीत ना, जाळीची छिद्रे लहान आहेत ना आणि आकड्याला पेन्सिलीने स्पर्श करताच दार पूर्ण मिटते ना, हे पाहून घ्यावे. अर्धवट मिटणारे दार उंदराला सोडतेही आणि शहाणेही करते.

आमिष घरात जे खाल्ले जाते त्याच्या जवळचे असावे. भजे, भाजलेले खोबरे, शेंगदाणे, तूप लावलेला पोळीचा तुकडा किंवा शेंगदाण्याच्या तेलात परतलेली बाजरी यांचा चांगला उपयोग होतो. लखनौच्या घरात पराठ्याचा तुकडा तेच काम करतो. आमिष मोकळे ठेवले तर उंदीर ते अलगद पळवितो. म्हणून ते आकड्याला घट्ट बांधावे.

उंदीर मोकळ्या जागेतून न जाता भिंतीला अंग घासत जातो. म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीच्या कडेला, ये-जा करण्याच्या वाटेवर ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस दार उघडे बांधून आत केवळ खाणे ठेवावे. संशयी उंदराला पिंजऱ्याची सवय होते आणि मग दार सोडले की पहिल्याच रात्री तो सापडण्याची शक्यता वाढते. अनेक घरांतून ‘उंदीर फार हुशार आहे’ अशी तक्रार ऐकू येते. त्यातल्या बऱ्याच घरांत हे दोन-तीन दिवस वाचविलेले असतात.

पिंजऱ्याकडे संशयाने पाहण्यात उंदीर एकटा नाही. लखनौजवळच्या रहमानखेडा येथील फळबाग संशोधन संस्थेच्या परिसरात जानेवारी २०१२ मध्ये एक वाघ आला होता. आमिष ठेवलेल्या पिंजऱ्यांना तो अनेक आठवडे चकवीत राहिला. अखेर एप्रिलमध्ये त्याला गुंगीचे औषध देऊन पकडण्यात आले आणि दुधवाच्या जंगलात सोडण्यात आले. त्याच परिसरात डिसेंबर २०२४ मध्ये आलेला वाघही मार्च २०२५ मध्ये गुंगीचे औषध देऊनच हाती लागला. वन खात्याला जेथे महिने लागले, तेथे गृहस्थाने दोन-तीन रात्रींचा धीर धरण्यास हरकत नाही.

पकडल्यानंतरची जबाबदारी

पिंजऱ्याचे दार मिटले की माणसाला काम संपल्यासारखे वाटते. वास्तविक खरी जबाबदारी तेथून सुरू होते.

पिंजरा रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे, असा दोनदा तरी पाहावा. लखनौच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गच्चीवर उन्हात राहिलेली लोखंडी जाळी म्हणजे भट्टीच होते. हिवाळ्याच्या रात्री तीच जाळी बर्फासारखी गार पडते. म्हणून पिंजरा सावलीत ठेवावा, वर गोणपाट घालावे आणि आत ओलसर काकडीचा किंवा बटाट्याचा तुकडा ठेवावा. अंधार झाला की प्राणी शांत राहतो आणि जाळीवर तोंड आपटून जखमी होत नाही. जाता येणे शक्य नसेल, गावाला जायचे असेल, तर पिंजरा लावूच नये.

हाताळताना जाड हातमोजे घालावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने थैमान घातले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. त्यांवर जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात आणि पिंजरा धुऊन उन्हात वाळवावा. चावा घेतल्यास जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

आता सोडावयाचे कोठे? दूरवर नेऊन, नदीकाठी किंवा दुसऱ्या वस्तीजवळ सोडणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीची रीत आहे. अनोळखी जागी उंदराला बीळ, अन्न आणि आडोसा ठाऊक नसतो. तो बहुधा मारला जातो. जगला, तर दुसऱ्याच्या घरात शिरतो. आपला उपद्रव शेजाऱ्याच्या खात्यावर वर्ग करणे याला बंदोबस्त म्हणता येत नाही. घरापासून शंभर मीटरच्या आत, झाडीच्या किंवा मोकळ्या जागेच्या आडोशाला, संध्याकाळच्या सुमारास त्याला सोडणे अधिक योग्य ठरते. तो परत येईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर पिंजऱ्यात नसून बुजविलेल्या भोकांत आहे. भोके बुजविली असतील, तर तो बाहेरच राहतो. बुजविली नसतील, तर त्याला कितीही दूर नेले तरी त्याची जागा दुसरा घेतो.

पकडलेली मादी पिलांना दूध देणारी असेल, तर तिच्या स्तनांवरून ते ओळखता येते. अशा वेळी पिले घरातच कोठेतरी असतात. ती उपाशी मरू नयेत, यासाठी मादीला जवळ सोडून काही दिवस वाट पाहावी किंवा पिलांचे घरटे शोधून तिच्यासह बाहेर हलवावे.

ज्यांना पिंजरा लावू नये

माकडांचा प्रश्न उंदरांहून निराळा आहे. लखनौत दिसणारे आखूड शेपटीचे, लाल तोंडाचे माकड हे उत्तरेकडचे होय. ते पूर्वी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते अनुसूचीतून वगळले गेले. याचा अर्थ कोणीही त्याला कसेही पकडावे असा नाही. क्रौर्यविरोधी कायदा त्यालाही लागू आहे. टोळीतील एखादे माकड धरल्याने टोळी विस्कटते आणि अधिक आक्रमक होते. संपूर्ण टोळी हलविली, तरी अन्न तेथेच असल्याने दुसरी टोळी येते. १९७२ च्या कायद्याने संरक्षित असलेले वानर भाड्याने आणून बांधण्याची प्रथाही बेकायदेशीर आहे. लखनौ मेट्रोने माकडांना दूर ठेवण्यासाठी स्थानकांवर वानरांच्या प्रतिकृती उभ्या केल्या, तो मार्ग तुलनेने निरुपद्रवी म्हणावा लागेल. घरापुरते पाहता पाण्याच्या टाकीला पक्के झाकण, सज्जाला जाळी, गच्चीवर झुकलेल्या फांद्यांची छाटणी आणि हाताने खाऊ न घालण्याचा निश्चय एवढे पुरेसे आहे. त्याउपर तक्रार नगरपालिकेकडे करावी.

मुंगूस, घोरपड, साप आणि रात्री छतावर धावणारे उदमांजर यांना कायद्याचे संरक्षण आहे. उदमांजराला लखनौकडे ‘बिज्जू’ म्हणतात. त्याच्याविषयी नाना भयकथा प्रचलित आहेत, परंतु ते फळे, कीटक आणि उंदीर खाऊन राहते. अशा प्राण्यांसाठी वन खात्याला कळवावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लखनौतील एका विवाह समारंभात बिबट्या शिरला होता. त्यालाही वन खात्याच्या पथकानेच पकडले. भटक्या कुत्र्यांविषयी ॲनिमल बर्थ कंट्रोल नियम, २०२३ आहेत. त्यांना पकडणे हे पालिकेचे आणि तिने नेमलेल्या संस्थांचे काम आहे.

नोटा आणि कागदपत्रे

उंदराची नजर कपाटातील कागदांवरही असते. जून २०१८ मध्ये आसाममधील तिनसुकिया येथे एका एटीएममध्ये शिरलेल्या उंदरांनी सुमारे १२ लाख रुपयांच्या नोटा कुरतडल्या होत्या. घरातील कुरतडलेली नोट टाकून देऊ नये. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार, ५० रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण, आणि ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे मूल्य मिळते. मात्र रोख रक्कम, ठेवींच्या पावत्या, विमापत्रे आणि घराची कागदपत्रे पुठ्ठ्याच्या खोक्यात माळ्यावर ठेवण्यापेक्षा लोखंडी कपाटात किंवा बंद पेटीत ठेवणे केव्हाही हिताचे.

ध्यानात ठेवण्यासारखे

• प्राणी कोणता, हे ठरविल्याशिवाय पिंजरा लावू नये.
• अन्न आणि पाणी झाकावे. भोके जाळी आणि सिमेंटने बुजवावीत.
• दोन-तीन दिवस दार उघडे ठेवून मग पिंजरा सोडावा.
• दिवसातून किमान दोनदा पिंजरा पाहावा. ऊन आणि थंडी यांपासून आत सापडलेल्या जीवाला जपावे.
• हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये.
• जवळच्या आडोशाला, संध्याकाळी सोडावे. दुसऱ्याच्या वस्तीत नेऊ नये.
• वन्य प्राण्यासाठी वन खाते, माकडे आणि कुत्रे यांच्यासाठी पालिका.

यानंतर पिंजरा भिंतीच्या कडेला तसाच लावून ठेवावा आणि रोज सकाळी पाहावा. ज्या आठवड्यात आमिष जागचे हललेले नाही आणि पिंजरा सातही दिवस रिकामा राहिला, तो आठवडा यशाचा समजावा. त्या रिकाम्या पिंजऱ्याची कोठे नोंद होत नाही आणि त्याची बातमीही छापून येत नाही. परंतु घर सुरक्षित झाल्याचा तोच खरा पुरावा असतो.